काटा मध्यावर, गिअरबॉक्स मात्र तापलेला

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटचं तापमान सांगतो. गिअरबॉक्समधल्या ऑइलबद्दल तो काहीच सांगत नाही. बहुतेक गाड्यांत ते तापमान दाखवायची सोयच नसते. फार तापलं तर एखादा दिवा लागतो, तोही उशिरा. त्यामुळे बेंगळुरूच्या सिल्क बोर्डच्या कोंडीतून तासभर रांगत आलेला माणूस काटा मध्यावर बघून समाधानानं गाडी बंद करतो आणि तेव्हा गिअरबॉक्समधलं ऑइल शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. ऑटोमॅटिक गाडीचं आयुष्य बऱ्याच अंशी या न दिसणाऱ्या तापमानावर ठरतं, म्हणून ते कुठून वाढतं आणि कसं उतरतं हे प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हवं.

बेंगळुरूत ही गोष्ट जास्त लागू पडते. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीनुसार त्या वर्षी या शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होती. जगातल्या सर्वांत संथ शहरांत तेव्हा बेंगळुरूचा क्रमांक तिसरा होता, आणि लगेच पाठोपाठ चौथं पुणं. म्हणजे ताशी सतरा-अठरा किलोमीटर, तेही थांबत-सरकत. डावा पाय दुखतो म्हणून लोकांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या, ते योग्यच केलं. पण पायाचे कष्ट आता गिअरबॉक्सच्या वाट्याला आले आहेत आणि ते उष्णतेच्या रूपात बाहेर पडतात.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात कायमची घट्ट जोडणी नसते. मध्ये ऑइल असतं. इंजिनाकडची पाती ऑइल जोरात फेकतात, ते ऑइल समोरच्या टर्बाइनवर आदळतं आणि टर्बाइन फिरू लागतं. जर्मन अभियंता हरमान फॉटिंगर यानं १९०५ मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. मोटारीत ते पुढे आलं. या रचनेमुळेच ब्रेक दाबून गाडी उभी केली तरी इंजिन बंद पडत नाही. पण दोन्ही बाजूंच्या फिरण्याच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ऊर्जा ऑइल घुसळण्यात जाते आणि ऑइल तापतं. हायवेवर ठरावीक वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जोडून टाकतो, घुसळण थांबते, तापमानही स्थिरावतं. कोंडीत हा क्लच लागायची संधीच मिळत नाही.

आकड्यांनी बघू. दीड टन वजनाची गाडी दहा टक्के चढावर, समजा मॉलच्या बेसमेंटमधून वर येणाऱ्या रॅम्पवर, ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरली, तर दोन ते तीन किलोवॅट इतकी शक्ती गिअरबॉक्समध्ये उष्णता बनते. घरातल्या मोठ्या गीझरचं कॉइल एवढ्याच ताकदीचं असतं. तो गीझर १५ लिटर पाणी मिनिटाला जेमतेम तीन अंशांनी तापवतो. गिअरबॉक्समध्ये मात्र ऑइल सहा-सात लिटरच, आणि ऑइलला तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते. लोखंड-ॲल्युमिनियमनं शोषून घेतलेला भाग सोडला तर त्या ऑइलचं तापमान मिनिटाला पंधरा अंशांच्या घरात वाढू शकतं. दोन-तीन मिनिटं अशी तोलाई झाली की काय होत असेल याचा अंदाज येईल. घाट चढताना लॉक-अप नसलेल्या अवस्थेत साधारण एवढीच उष्णता सतत तयार होत राहते, फरक इतकाच की तिथे तो प्रकार अर्धा तास चालतो.

बेंगळुरूची हवा थंड म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. एक तर ती हवा दरवर्षी तेवढी थंड राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये शहराचं तापमान ३९.२ अंशांवर गेलं होतं. दुसरं, शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. पंखा तितकाच फिरला तरी रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचं वजन कमी, म्हणजे ती वाहून नेते ती उष्णताही कमी. आणि पाणी इथे शंभर नव्हे, ९७ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून रेडिएटरचं झाकण आणि कूलंटचं मिश्रण नीट असणं इथे जास्त गरजेचं. यांतली एकेक गोष्ट एकटी गाडी बंद पाडणार नाही. सगळ्या एकत्र येतात तेव्हा राखीव क्षमता संपते.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल सर्वांत गरम असतं. गिअरबॉक्समधला पंप ते कूलरकडे ढकलतो, तिथून थंड होऊन ते बेअरिंग आणि गिअरना वंगण देत खालच्या पॅनमध्ये उतरतं आणि पुन्हा फेरी सुरू होते. कूलर दोन प्रकारचे. एकात ऑइलची उष्णता कूलंटला दिली जाते: जुन्या रचनेत रेडिएटरच्या टाकीच्या आत एक नळी असते, नव्या गाड्यांत गिअरबॉक्सलाच चिकटवलेला, पातळ थरांचा एक चौकोनी ठोकळा. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरच्या पुढे वेगळी छोटी जाळी बसवतात, तिच्यावर थेट हवा लागते. पहिल्याचा मोठा फायदा म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावर कूलंट लवकर गरम होतं आणि तेच ऑइलला ऊब देतं. फार थंड ऑइलही गिअरबॉक्सला चांगलं नाही. तोटा असा, की कूलंट नव्वद अंशांवर असेल तर ऑइल त्याखाली उतरूच शकत नाही. म्हणून इंजिनाची कूलिंग यंत्रणा बिघडली की गिअरबॉक्सचीही बिघडली असं धरून चालावं. रेडिएटर हा इंजिनाचा भाग, गिअरबॉक्सचा त्याच्याशी काय संबंध, असं समजून अनेक जण कूलंटकडे दुर्लक्ष करतात आणि गिअरबॉक्सचं बिल भरतात.

याच शहरात ज्यांच्या गिअरबॉक्सला रोज खूप तापावं लागलं, त्या गाड्या म्हणजे २००६ च्या सुमारास शहराच्या बससेवेनं, बीएमटीसीनं, आणलेल्या व्होल्वोच्या लो-फ्लोअर बस. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि वेग कमी करताना ऑइलच्याच विरोधानं बस आवरणारा रिटार्डर. ब्रेक पॅडमध्ये गेली असती ती उष्णता इथे ऑइलमध्ये जाते, त्यामुळे बसमध्ये ऑइल थंड करणारी यंत्रणा आधीपासूनच दणकट ठेवावी लागते. खासगी गाडीत तेवढी राखीव क्षमता नसते. तिची क्षमता सर्वसाधारण वापर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते आणि आउटर रिंग रोडची संध्याकाळ सर्वसाधारण वापरात मोडत नाही. गाड्यांच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा एक रकाना असतो: सतत थांबत-चालत जाणं, डोंगराळ रस्ता, जास्त वजन. बेंगळुरूतल्या जवळपास प्रत्येक गाडीनं तोच रकाना आपला मानावा आणि ऑइल बदलायचं अंतर त्यातून घ्यावं.

ऑइल नेमकं कशानं मरतं? ऐंशी ते पंचाण्णव अंश हा त्याचा सुखाचा पट्टा. त्यापुढे हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया झपाट्यानं वाढते. दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा गॅरेजवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आजची सिंथेटिक ऑइलं त्याहून जास्त सोसतात, तरी दिशा तीच. एकशे वीसच्या पुढे वार्निशसारखा थर धरू लागतो आणि बारीक व्हॉल्व्ह अडकतात, त्याहून वर रबरी सील कडक होतात, दीडशेच्या आसपास क्लच प्लेट घसरू लागतात. घसरणाऱ्या प्लेट आणखी उष्णता देतात. इथून मागे फिरणं अवघड असतं.

‘या गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही,’ असं शोरूममध्ये सांगितलं जातं. आयुष्य कोणाचं, हे विचारायला हवं. जगभरातल्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. बनवणाराच असं म्हणत असेल तर बेंगळुरूच्या रहदारीत साठ-सत्तर हजारांवर बदलणं मला शहाणपणाचं वाटतं. नुसतं काढून-भरून निम्म्याच्या आसपासच ऑइल बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा एकदा काढून-भरून घ्यावं.

सगळ्या ‘ऑटोमॅटिक’ गाड्या एका जातीच्या नसतात, आणि हा फरक न कळल्यानं बरंच नुकसान होतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओनं भारतात एएमटी आणली. तो नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर फक्त यंत्र हलवतं. तिथे ऑइल फारसं तापत नाही, तापते ती कोरडी क्लच प्लेट, आणि तिला थंड करायला आजूबाजूची हवाच. कोरड्या क्लचच्या डीसीटीचंही (दोन क्लचच्या गिअरबॉक्सचंही) तसंच. वरच्याच रॅम्पचं उदाहरण घ्या: ती दोन-तीन किलोवॅट उष्णता आता सहा लिटर ऑइलऐवजी काही किलो लोखंडात जाते, तेव्हा तापमान मिनिटाला साठ-सत्तर अंशांनी चढू शकतं. डीसीटीच्या गाड्यांत कोंडीत ‘गिअरबॉक्स तापला’ असा इशारा येतो तो बहुधा या क्लचचा. ओल्या क्लचच्या डीसीटीत प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिलेला हा प्रकार आपल्या रहदारीला जास्त मानवणारा आहे. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये घट्ट धरलेला असतो, ऑइल तापलं की यंत्रणा स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करते आणि चालकाला वाटतं गाडी ओढत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर आणखी दाबणं म्हणजे नेमकं उलटं वागणं.

हायब्रिड गाड्यांचा मामला निराळा. बिदादीला, म्हैसूर रस्त्यावर, टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे. कंपनी २००२ मधली. तिथे आधी गिअरबॉक्स बनत, आता हायब्रिडचे ई-ड्राइव्हही बनतात. ई-ड्राइव्हमध्ये कोंडीत सरकण्याचं काम विजेची मोटर करते, घसरणारा क्लच किंवा कन्व्हर्टर नसतोच, त्यामुळे शहरात ही रचना सर्वांत कमी तापते. दिवसातले दोन-दोन तास कोंडीत घालवणाऱ्यानं नवी गाडी निवडताना याचा विचार करावा.

गाडी चालवताना एकच सवय बदलायची असेल तर चढावरची बदला. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलू नका. ब्रेक दाबा, ऑटो-होल्ड असेल तर तो वापरा, आणि निघायच्या वेळी सरळ निघा. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या चढावावर पुढची गाडी दोन फूट सरकली म्हणून आपण लगेच दोन फूट सरकायची गरज नाही. एका गाडीची जागा मोकळी होऊ द्या, मग एका दमात ती भरून काढा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. क्लच असो वा कन्व्हर्टर, अर्धवट जोडलेल्या अवस्थेत जितका कमी वेळ जाईल तितका तो थंड राहतो. अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून थांबायला हरकत नाही. तीन-तीन मिनिटांचे सिग्नल असतात तिथे सपाट रस्त्यावर एन टाकावा; मात्र पाय ब्रेकवरच ठेवावा.

घाटात अडचण निराळी असते. गणपतीला कोकणात निघालेली, माणसं आणि सामान भरलेली गाडी आंबोली किंवा चोर्ल्याला उतरते आणि परतताना तोच घाट चढते. मंगळुरूकडे जाणाऱ्यांना शिराडी आहे, आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकी. चढताना ट्रकमागे अडकलात की डी मध्ये गिअरबॉक्स वर-खाली करत राहतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवला तर इंजिनाचे फेरे जरा वाढतात, पण पंप जोरात चालतो, घसरण कमी होते, आणि ऑइल गार राहतं. उतरताना खालचा गिअर, हायब्रिडमध्ये ‘बी’ मोड. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की असं करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो आणि वेगात फिरणाऱ्या गिअरना आयडलवरच्या पंपाचं वंगण अपुरं पडू शकतं.

देखभालीत माझा सर्वांत जास्त भर पाण्यावर आहे. सर्जापूर, व्हाइटफील्ड, येलहंका या बाजूंना टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येतं, आणि ते जड असतं. बादलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो, तोच थर रेडिएटरमध्ये आणि ऑइल कूलरच्या अरुंद फटींमध्ये बसतो. कूलंट कमी झालं म्हणून सोसायटीच्या नळाचं पाणी ओतू नका. तयार कूलंट किंवा डिमिनरलाइज्ड पाण्यातलं मिश्रण, एवढंच. दुसरी गोष्ट जाळीची. डिसेंबर-जानेवारीत मागडी, कुणिगल, कोलार या भागांत शेतकरी नाचणीची, हुलग्याची कणसं-काडं मळणीसाठी रस्त्यावर पसरतात. त्यावरून गेलेल्या गाडीच्या जाळीत भुसा अडकतो, काड खाली एक्झॉस्टजवळ गुंतलं तर आगही लागू शकते. शक्यतो बाजूनं जा. जावंच लागलं तर पुढे थांबून खाली वाकून बघा. जाळी धुताना पाण्याचा मारा हलका ठेवा, प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्रे चेपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

रेडिएटरमधला कूलर आतून गळला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल गुलाबी, दुधाळ दिसू लागतं. ग्लायकॉलमुळे क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं, म्हणून हे दिसल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. सत्तरच्या दशकात अमेरिकेत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. तोवर गिअरबॉक्स ऑइलमध्ये व्हेलचं तेल घालत. त्यावर बंदी आली, बदली मिश्रणात गंज रोखायची ताकद कमी पडली, आणि कूलरचे डाग दिलेले सांधे खाल्ले गेले. ऑइलचा प्रकार म्हणूनच मामुली नाही. जे. सी. रोडच्या बाजारात स्वस्तात लाल रंगाचं कुठलंही ऑइल मिळेल. पुस्तिकेत लिहिलेला नेमका प्रकार, सीलबंद डब्यातला, बिलासकट घ्या. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, चालत नाही. ऑइलची पातळीही ठरावीक तापमानालाच मोजायची असते, काही गाड्यांत ३५ ते ४५ अंश, काहींत ५० ते ६०. थर्मामीटर किंवा स्कॅनर न लावता पातळी ‘बघून’ देणाऱ्या मेकॅनिकला हा प्रश्न अवश्य विचारा. गाडीच्या निदानासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला लागणारा छोटा स्कॅनर तुम्हीही घेऊ शकता. अनेक गाड्यांत तो मोबाइलवर गिअरबॉक्स ऑइलचं तापमान दाखवतो.

सप्टेंबर २०२२ च्या पुरात बेळंदूर-सर्जापूर भागात गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, तेव्हा इंजिनांचीच चर्चा झाली. गिअरबॉक्सलाही हवा घ्यायची एक नळी असते. गरम गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीवाटे पाणी आत ओढलं जातं. चाकांच्या निम्म्याहून वर पाणी चढलं असेल तर गाडी सुरू करण्याआधी गिअरबॉक्सचं ऑइलही तपासून घ्या. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

तापल्याचा इशारा आलाच, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, पी टाका, एसी बंद करा, पण इंजिन चालू ठेवा. गिअरबॉक्सचा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद केलं की गरम ऑइल जिथल्या तिथे साचतं. बॉनेटमधून वाफ येत असेल किंवा खाली ऑइल सांडत असेल तरच लगेच बंद करा. दहा-पंधरा मिनिटांत इशारा गेला तर हळू निघा, पुन्हा आला तर उचलून न्यायची व्यवस्था करा. ऑटोमॅटिक गाडी दोरीनं ओढायची नाही: इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि फिरणाऱ्या चाकांबरोबर गिअर कोरडे फिरतात. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला चालते, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांना नाही. विम्याच्या मदत क्रमांकावर बोलताना ‘गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठवा’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि गाडी चढवताना तिथे हजर राहा.